लिहिणाऱ्या मुलाला वाचक हवा

१८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये एक निबंध दोन भागांत छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे, वय चौदा, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या शाळेची विद्यार्थिनी. विषय मांग-महारांचं दुःख. ज्यांना धर्मग्रंथ पाहायचीही बंदी, त्यांचा धर्म कोणता, असा थेट सवाल ती विचारते. पेशवाईत आपल्या लोकांवर काय गुदरलं ते सांगते. घरावर धड छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांचे थंडी-पावसात काय हाल होतात तेही लिहिते. दलित स्त्रीने लिहिलेल्या साहित्याचा आरंभ म्हणून आज या निबंधाकडे पाहिलं जातं, आणि ते रास्तच आहे. पण शिक्षकाने त्याच्याकडे आणखी एका नजरेने पाहायला हवं. हे एका शाळकरी मुलीचं लेखन आहे. शाळेत जायला लागून तिला फार वर्षंही झाली नव्हती.

एवढं धाडस चौदा वर्षांच्या मुलीला एकटीच्या बळावर होत नाही. आपल्या वस्तीतलं, आपल्या घरातलं जे आहे ते शाळेत सांगण्याजोगं आहे, हे तिला कुणीतरी पटवलं असलं पाहिजे. आपण लिहिलेलं कुणीतरी मन लावून वाचणार आहे, याची तिला खात्री असली पाहिजे. आणि लिहिल्याबद्दल निदान या चार भिंतींत तरी आपल्यावर कुणी डाफरणार नाही, हेही तिला ठाऊक असलं पाहिजे. सांगण्याजोगं काही आपल्याजवळ आहे हा विश्वास, वाचणारा माणूस आणि निर्भय जागा. मुलांच्या लेखनाबद्दल या पुस्तकात जे काही सांगितलं आहे ते या तीन गोष्टींभोवती फिरतं. तिघींत मधली कळीची. वाचक मिळाला की बाकीच्या दोन त्याच्यामागून येतात, असं माझं मत आहे, आणि ही प्रस्तावना त्या मताच्या समर्थनार्थ आहे.

आता आजच्या सातवीच्या वर्गातला निबंधाचा तास पाहू. फळ्यावर विषय आहे 'पावसाळ्यातील एक दिवस'. खाली मुद्दे: काळे ढग, विजांचा कडकडाट, मातीचा सुगंध, शेतकऱ्याचा आनंद, कागदी होड्या. तास संपता संपता चाळीस वह्या टेबलावर जमा होतात आणि चाळीसही वह्यांत आकाश काळ्याभोर ढगांनी भरून येतं, बळीराजा सुखावतो, मुलं होड्या सोडतात. जिच्या घरात त्याच आठवड्यात गुडघाभर पाणी शिरलं, जिच्या आईने गव्हाचं पोतं ओढत नेऊन पलंगावर चढवलं, ती मुलगीही होड्याच सोडते.

मुलांना कल्पनाशक्तीच राहिली नाही, वाचन नाही, मोबाइलने वाटोळं केलं, असं आपण मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत म्हणतो. पण या मुलीचा हिशेब चोख आहे. गव्हाच्या पोत्याबद्दल लिहायचं तर शब्द स्वतः शोधावे लागणार, त्यात ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, चुकलं की गुण जाणार. शिवाय घरातलं असलं काही लिहिलं तर बाई काय म्हणतील, मागच्या बाकावरची पोरं हसतील का, तेही सांगता येत नाही. गाईडमधलं वाक्य उचललं तर यातलं काहीच होत नाही. कंटाळवाणं लिहिलं म्हणून आजवर कुणाचा अर्धा गुणही कापला गेलेला नाही. मूल आळशी नाही, ते सावध आहे. सावधपणा त्याला आपणच शिकवला, इयत्तेमागून इयत्ता, वहीमागून वही. आता तर हवा तो निबंध फोनवर मागितला की आयता मिळतो. ज्या निबंधात लिहिणाऱ्याचं स्वतःचं असं काही नकोच असतं, तो दुसऱ्या कुणी, अगदी यंत्राने, लिहून दिला तर तक्रार तरी कोणत्या तोंडाने करायची?

भीतीचं काय करायचं, हा त्यामुळे पहिला प्रश्न. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा करायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला मनाई केली. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. छडी बऱ्याच वर्गांतून गेली. लिहिण्याच्या बाबतीत मात्र छडीचं काम लाल शाईने चालू ठेवलं. पंधरा ओळींच्या पानावर पंचवीस गोल पडलेले पाहिले की मुलाला एवढंच कळतं, की पुढच्या वेळी कमी लिहावं. कमी लिहिलं की कमी गोल पडतात. व्याकरण शिकवूच नये असं कुणी म्हणत नाही. पण एका वेळी एका प्रकारची चूक धरावी, ती मुलाने स्वतः शोधावी, आणि ती दुसऱ्या खर्ड्यात सुधारावी. पहिल्या खर्ड्यावर शिक्षकाने पेनच टेकवू नये. या पुस्तकातलं दुसरं प्रकरण यासाठी राखून ठेवलं आहे, आणि त्यावर पालकांचा पहिला आक्षेप येणार हे गृहीत धरून त्याचं उत्तरही तिथेच दिलं आहे.

लेखन ही शिक्षा म्हणून देणं हा या भीतीचाच दुसरा अवतार. 'शंभर वेळा लिहून आण' हे ऐकल्याशिवाय आपल्याकडे फारसं कुणी मोठं झालेलं नाही. यातूनही एखादा शिक्षक वाट काढू शकतो, याचं उदाहरण अ‍ॅन फ्रँकच्या रोजनिशीत जून १९४२ च्या नोंदीत आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यू शाळेत गणिताचे शिक्षक तिच्या वर्गातल्या बडबडीवर वैतागले आणि त्यांनी तिला 'बडबडी' या विषयावर निबंध लिहायला सांगितलं. तिने तो मजेत लिहून दिला. बडबड थांबली नाही, तेव्हा दुसरा निबंध आला, मग तिसरा. तिसरा तिने मैत्रिणीच्या मदतीने पद्यात केला: पिल्लं फार कलकल करतात म्हणून हंस-बाप त्यांना ठार मारतो. टोला कुणाला आहे हे शिक्षकांना कळलं. त्यांनी तो हसून घेतला, वर्गात मोठ्याने वाचून दाखवला, दुसऱ्या वर्गांतही वाचला, आणि पुढे तिच्या बोलण्यावर हरकत घेतली नाही. शिक्षा देणारा माणूस इथे वाचक झाला. सगळा फरक तेवढ्याने पडला.

भीतीचं आणखी एक कारण मुलाच्या तोंडी असलेली भाषा. खानदेशातलं पहिलीचं मूल घरी अहिराणी बोलतं; 'मनी माय वावरमा गयी' हे त्याचं पहिलं वाक्य असतं. वर्गात कुणी हसलं, बाईंनी 'नीट बोल' म्हटलं, की ते वाक्य वहीपर्यंत पोचतच नाही. आई वावरात गेली हेही त्याच्याबरोबर बाहेर राहतं. मालवणी, वऱ्हाडी, कोरकू, पावरी, वारली, प्रत्येकीची कथा थोड्याफार फरकाने हीच. प्रमाण मराठी मुलाला यायलाच हवी; त्याच्या पुढच्या परीक्षा, अर्ज, नोकऱ्या तिच्यातच आहेत. पण तिचा क्रम नंतरचा. पहिला खर्डा मुलाच्या भाषेत, दुसऱ्यात निवेदन प्रमाण भाषेत आणि माणसांचं बोलणं जसंच्या तसं, ही साधी वाटणी चौथी-पाचवीच्या मुलांना सहज जमते. मराठी कथा-कादंबरीने तरी दुसरं काय केलं आहे?

ज्यांना अजून लिहिताच येत नाही, त्यांनी थांबायचं कारण नाही. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवताना सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर रोज प्रत्येक मुलाला विचारत, आज तुला कोणता शब्द हवा? मूल सांगेल तो शब्द त्या जाड कागदाच्या पट्टीवर लिहून त्याच्या हातात देत. दुसऱ्या दिवशी मुलाला जो शब्द ओळखता आला नाही, तो त्याचा नव्हताच असं समजून ती पट्टी बाद होई. भुताचे, भीतीचे, प्रेमाचे शब्द एका नजरेत ओळखले जात. १९६३ च्या 'टीचर' या पुस्तकात त्यांनी हे सांगितलं आहे. आपल्यालाही याची ओळख वेगळ्या वाटेने आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव याने आणि घरातल्या माणसांनी त्यांची गाणी उतरवून घेतली म्हणून १९५२ साली ती पुस्तकात आली. अंगणवाडीतल्या, पहिलीतल्या मुलाचा लेखनिक होणं हे शिक्षकाचं हलकं काम नाही. बोललेलं कागदावर येतं आणि दुसऱ्या दिवशीही तिथेच असतं, हे मूल पहिल्यांदा पाहतं, आणि स्वतः लिहायला घेण्याचं कारण त्याला तिथे सापडतं.

आता वाचकाकडे येऊ. समजा, चौथीतल्या एका मुलाने तीन वाक्यं लिहिली: 'आमची शेळी मेली. मला वाइट वाटले. शेळी फार उपयोगी प्रानी आहे.' तिसरं वाक्य नीट पाहा. पहिल्या दोन वाक्यांत तो स्वतःच्या गोठ्यात उभा होता. तिसऱ्यात तो पळत जाऊन पाठ्यपुस्तकाच्या आडोशाला उभा राहिला. आपण सहसा 'वाइट' आणि 'प्रानी' यांना गोल करतो आणि खाली 'अक्षर सुधार' असा शेरा देतो. शिक्षक प्रेमळ असेल तर 'छान!' लिहितो. दोन्ही शेऱ्यांत शेळीबद्दल अवाक्षर नाही.

वाचक असलेला शिक्षक विचारेल, "कुणी पाहिलं रे पहिल्यांदा?"

"मीच. सकाळी चारा टाकायला गेलो तर उठेना."

"मग?"

"आईला हाक मारली. ती म्हणाली, तू शाळेत जा."

"आणि तू आलास?"

"आलो. पण डबा नाही खाल्ला."

"मला हे काहीच माहीत नव्हतं. हे लिही की."

आणि मुलगा लिहितो: 'मी चारा टाकला. ती उठली नाही. आई बोलली शाळेत जा. मी आलो पण डबा नाही खाल्ला.' वाईट वाटल्याचं आता सांगावं लागत नाही. उपयोगी प्राणीही निघून गेला. या संभाषणाला दोन मिनिटंही लागली नाहीत. त्यात कौतुकाचा एक शब्द नाही, चुकीचा उल्लेख नाही. शिक्षकाला खरोखर जाणून घ्यायचं होतं आणि ते मुलाला दिसलं, एवढंच. 'छान' या शेऱ्याने बोलणं संपतं. प्रश्नाने ते पुढे जातं. मुलांना पाठबळ द्यायचं म्हणजे त्यांच्या प्रत्येक ओळीवर चांदण्या चिकटवायच्या, अशी जी समजूत पसरली आहे, तिच्याशी हे पुस्तक सहमत नाही. फुकटचं कौतुक कोणतं आणि खरं कोणतं हे मुलांना दुसरीपासून कळतं.

प्रेमळ वर्गातही लेखनाची शिस्त किती कडक असू शकते, हे इटलीतल्या बार्बियाना या डोंगराळ खेड्यातल्या शाळेने दाखवलं. लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूने ती शाळा नापास होऊन बाहेर फेकल्या गेलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी चालवली. त्यातल्या आठ जणांनी मिळून एका शिक्षिकेला उद्देशून लिहिलेलं पुस्तक १९६७ साली निघालं. मराठीत ते 'प्रिय बाई' म्हणून वाचलं गेलं. त्यांची पद्धत अशी: प्रत्येकाने खिशात वही ठेवायची. सुचलेली प्रत्येक गोष्ट वेगळ्या कागदावर, एकाच बाजूला लिहायची. मग सगळे कागद मोठ्या टेबलावर पसरायचे, तेच ते काढून टाकायचे, एका विषयाचे एकत्र ठेवायचे, प्रत्येक ढिगाला नाव द्यायचं. नाव देता आलं नाही तर ढीग फार मोठा आहे, तो फोडायचा. मग कात्री, डिंक आणि खोडाखोड. कुणाला कोणता शब्द गाळता येतो याची चढाओढ. शेवटी बाहेरच्या माणसांना बोलावून, त्यातही फार न शिकलेल्यांना, त्यांच्याकडून वाचून घ्यायचं आणि त्यांना कळलं का ते बघायचं. मुलं याला कंटाळली नाहीत, कारण त्यांना कुणाला तरी काही सांगायचं होतं. श्रोता समोर असला की खोडाखोड ही शिक्षा राहत नाही.

बाहेरचा वाचक मिळवण्याचे मार्ग अनेक आहेत. दक्षिण फ्रान्समधल्या एका गावात सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने १९२४ च्या सुमारास वर्गात चक्क छोटं छापयंत्र आणलं. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झाल्यामुळे तासन् तास बोलून शिकवणं त्यांना झेपत नव्हतं. मुलं आपले मजकूर स्वतः खिळे जुळवून छापत आणि दूरच्या शाळेतल्या मुलांना पाठवत. तिकडून त्यांचे येत. खिळे उलटे जुळवायचे, एकेक अक्षर हाताने उचलायचं, अशा कामात शुद्धलेखनाची काळजी मुलं आपणहून घेतात. आपल्याकडे छापयंत्राच्या जागी हस्तलिखित होतं. अजूनही अनेक शाळांत ते निघतं, स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते त्याचं प्रकाशन होतं आणि मग ते कपाटात जातं. त्यात बहुतेक वेळा सुंदर अक्षराची चार मुलं इतरांचं लेखन उतरवून काढतात, वेलबुट्टी काढतात, आणि लिहिणारीही तीच ती आठ-दहा हुशार मुलं असतात. या पुस्तकाची सूचना साधी आहे: हस्तलिखित वर्षातून एकदा देखणं काढण्याऐवजी भित्तिपत्रक पंधरवड्याला, कुणाच्याही अक्षरात, आणि वर्षभरात एकाही मुलाचं नाव सुटणार नाही अशा बेताने काढावं.

वाचक होण्याआधी शिक्षकाला स्वतः लिहिणारा व्हावं लागतं. १८६२ साली टॉलस्टॉय यांनी यास्नाया पोल्याना इथल्या आपल्या शाळेबद्दल एक लेख लिहिला. कुणी कुणाकडून लिहायला शिकायचं, शेतकऱ्यांच्या मुलांनी आपल्याकडून की आपण त्यांच्याकडून, असा प्रश्न त्याच्या मथळ्यातच आहे. एका म्हणीवर गोष्ट लिहा, असं त्यांनी मुलांना सुचवलं. मुलांना ते अवघड वाटलं, तेव्हा ते स्वतः लिहायला बसले. मुलं खांद्यावरून डोकावू लागली, हे असं नको, तो माणूस असं बोलणारच नाही, असं सांगू लागली. फेदका आणि स्योमका ही दोघं तर रात्री उशिरापर्यंत उठेनात. एवढा मोठा लेखक समोर असूनही मुलं बुजली नाहीत, याचं कारण तो त्यांच्यासमोर अडखळत लिहीत होता. आपल्याकडे साने गुरुजींनी अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालवलं. रात्री जागून ते लिहायचे आणि सकाळी मुलं वाचायची. फळ्यावर मुद्दे लिहिणारा हात आणि स्वतःच्या वहीत खोडणारा हात, यांतला कोणता आपला हे मुलं बरोबर ओळखतात.

मूल खरं लिहू लागलं की काही वेळा नको तेही कागदावर येतं. बापाचं पिणं, आईला झालेली मारहाण, कुणीतरी अंगाला लावलेला हात. अशा वेळी ते पान वर्गात वाचायचं नाही, शिक्षकांच्या खोलीत त्यावर चर्चा करायची नाही, आणि पालकसभेत त्याचा उल्लेखही नाही. वहीवर 'फक्त बाईंसाठी' अशी खूण करायची मुभा मुलांना पहिल्याच दिवशी द्यावी. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर मात्र गुपित राखून चालत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार माहिती मिळालेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे. मुलाला आधीच सांगून ठेवावं की तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुझ्या अंगाला हात लावला असेल तेव्हाच मी हे दुसऱ्या कुणाला सांगेन. हे वचन जसंच्या तसं पाळलं, तरच पुढचं लेखन होतं.

'हे सगळं ठीक आहे, पण पन्नास मुलं, पोर्शन, घटक चाचण्या, निवडणुकीची कामं', असं म्हणून काही शिक्षक इथेच पुस्तक मिटतील. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पन्नास वह्या रोज वाचता येत नाहीत. पण रोज पाच वाचता येतात, आणि मग शाळेच्या दहा दिवसांत प्रत्येक मुलाला एकदा शिक्षक मिळतो. उरलेल्या दिवशी वाचक म्हणून शेजारचा मुलगा असतो. त्याने चुका शोधायच्या नाहीत, फक्त एक प्रश्न विचारायचा. दहावीच्या परीक्षेत उपयोजित लेखनाला ठरलेला साचा लागतो, हेही खरं. तो साचा आठवी-नववीत शिकवायला फार वेळ लागत नाही. स्वतःचं काही लिहायची सवय मात्र तेव्हा सुरू करायची म्हटली तर उशीर झालेला असतो. कोल्हापूरला लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने हे मराठी माध्यमाच्या, साध्या घरांतल्या मुलांबरोबर करून दाखवलं. तेव्हा ते आपल्याकडे जमत नाही असं म्हणायला जागा उरत नाही.

पुस्तकाची मांडणी इयत्तेनुसार नाही, कामानुसार आहे. पहिल्या प्रकरणात बोलण्यातून लिहिण्याकडे, दुसऱ्यात पहिला खर्डा आणि चुका, तिसऱ्यात प्रश्न विचारण्याची रीत, चौथ्यात बोली आणि प्रमाण भाषा, पाचव्यात भित्तिपत्रक, पत्रं आणि गावातले वाचक, सहाव्यात मूल्यमापन. प्रत्येक प्रकरणाअखेर वर्गात करून पाहण्याजोगी कामं दिली आहेत. ती क्रमाने केली पाहिजेत असं नाही. पहिलं काम मात्र कुणी गाळू नये. ते असं: मुलांना दहा मिनिटं काहीही लिहायला सांगा, त्या दहा मिनिटांत वर्गात फिरू नका, हजेरी भरू नका. खुर्चीवर बसून तुम्हीही लिहा आणि सगळ्यांच्या आधी स्वतःचं वाचून दाखवा. मुलं तुम्हाला काय विचारतात ते ऐका. त्यातला पहिला प्रश्न वहीत टिपून ठेवा, आणि मग दुसरं प्रकरण उघडा.